'पॉश' हा शब्द बोटीच्या तिकिटावरून आलेला नाही

इंग्रजी शब्दांच्या जन्मकथांमध्ये एक कथा वर्षानुवर्षं फिरते आहे. थोडक्यात ती अशी: ब्रिटिश अमलात साहेब लोक पी अँड ओ कंपनीच्या बोटीने इंग्लंडहून मुंबईला येत. येताना बोटीच्या डाव्या, म्हणजे पोर्टकडच्या केबिनला ऊन कमी लागे आणि परत जाताना उजव्या, म्हणजे स्टारबोर्डकडच्या. बडे लोक जास्त पैसे मोजून या थंड केबिन घेत. त्यांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याची आद्याक्षरं, पी-ओ-एस-एच, जांभळ्या शाईत उमटवलेली असत. त्यावरून 'पॉश' म्हणजे श्रीमंती थाटाचा.

या कथेत मुंबई आहे, साहेब आहे, ऊन आहे, त्यामुळे आपल्याकडे ती जरा जास्तच आवडीने पुढे पाठवली जाते. पण ती खरी नाही. तिच्यातलं एकेक विधान वेगळं काढून तपासलं की कुठे काय घसरतं ते दिसतं.

'हा शब्द बोटीच्या प्रवाशांनी रूढ केला.'

शब्दाचा उगम शोधताना पहिला प्रश्न असा, की तो सर्वांत आधी कुठे छापला गेला आणि तिथे त्याचा अर्थ काय होता? 'पॉश'च्या बाबतीत याचं उत्तर बऱ्यापैकी हाताशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या भुरट्या चोरांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे अर्धा पेनी, आणि पुढे एकूणच पैसा. १८९० मध्ये बॅरेर आणि लेलंड यांच्या स्लँग-कोशाच्या दुसऱ्या खंडात पैशाच्या अर्थाबरोबर आणखी एक अर्थ नोंदवलेला आहे: छानछोकी करणारा, नटवा माणूस. १८९२ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या 'द डायरी ऑफ अ नोबडी' या विनोदी कादंबरीत मरी पॉश नावाचं एक पात्र आहे. तीन शिलिंगांच्या हॅट विकणाऱ्या व्यवसायावर गब्बर झालेला, ऐटबाज माणूस. आडनाव मुद्दाम निवडलेलं असावं असं वाटतं.

विशेषण म्हणून 'पॉश' ठळकपणे दिसतो तो १९१४ मध्ये, ब्रिटिश लष्करातल्या जीवनावरच्या एका पुस्तकात. घोडदळातला शिपाई संधी मिळेल तेव्हा 'पॉश' कपडे घालतो, असं तिथे लिहिलं आहे आणि लगेच खुलासा आहे: पॉश म्हणजे सरकारी वर्दीत न बसणारे, त्याहून उंची कपडे. शब्द अवतरणात घातला आहे, म्हणजे वाचकाला तो ठाऊक नसणार असं लेखक धरून चालला होता.

त्याहून बोलका पुरावा १९१८चा. 'पंच' या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकाच्या २५ सप्टेंबरच्या अंकात एक व्यंगचित्र आहे. हवाई दलातला एक तरुण अधिकारी आईला सांगतो, तिकडे आमचं अगदी पॉश चाललं होतं. आई विचारते, पॉश म्हणजे काय रे? मुलगा सांगतो, 'स्विश'ला आम्ही असं म्हणतो! म्हणजे एका न कळणाऱ्या शब्दाचा अर्थ तो तसल्याच दुसऱ्या शब्दाने सांगतो आहे. आता कथेकडे वळा. सुवेझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. तेव्हापासून पी अँड ओच्या बोटींवर हा शब्द चालत असता, तर पन्नास वर्षांनी अधिकारी वर्गातल्या बाईला तो विचारावा लागला नसता. बोटीने हिंदुस्थानात जाणारे-येणारे तर याच थरातले लोक होते.

बोट, केबिन, प्रवास यांतलं एकही या सुरुवातीच्या वापरांत नाही. पैसा आहे, नटवेपणा आहे, कपडे आहेत.

'हा अँग्लो-इंडियन शब्द आहे.'

हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा मोठा कोश 'हॉब्सन-जॉब्सन' १८८६ मध्ये निघाला, सुधारित आवृत्ती १९०३ मध्ये. साहेबाच्या घरात, कचेरीत, छावणीत वापरले जाणारे शब्द त्यात बारकाईने टिपलेले आहेत. त्यात मेंढीच्या कातड्याच्या कोटासाठी 'पोस्तीन' आहे, 'पॉश' नाही.

'तिकिटावर शिक्का मारत.'

असं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही आणि कंपनीच्या दफ्तरातही या शिक्क्याचा मागमूस नाही. पी अँड ओला १८४० मध्ये राजसनद मिळाली आणि तिच्या बोटींनी पुढचं शतकभर लाखो माणसं वाहिली. (१९१० मध्ये मार्सेलिसला सावरकरांनी ज्या 'मोरिया' बोटीच्या पोर्टहोलमधून समुद्रात उडी घेतली, ती याच कंपनीची.) प्रवाशांनी मेन्यूकार्डं, सामानाच्या चिठ्ठ्या, डेकचे नकाशे जपून ठेवले; ते आज संग्रहालयांत आणि लिलावांत दिसतात. नेमका प्रतिष्ठेचा शिक्का असलेलं तिकीटच तेवढं कुणी जपलं नाही, हे पटण्यासारखं नाही.

शिक्क्याची गरजही नव्हती. तिकिटावर केबिनचा क्रमांक असायचा आणि डेकच्या नकाशात तो कुठल्या बाजूला आहे हे दिसायचं. शिवाय येणं आणि जाणं या दोन सफरींमध्ये बहुतेकांच्या बाबतीत मोठं अंतर असे. सनदी नोकर किंवा पलटणीतला अधिकारी एकदा मुंबईला उतरला की लांबची रजा मिळायला काही वर्षं जात. परतताना बोट वेगळी, केबिनची मांडणी वेगळी. दोन्ही खेपांच्या बाजू एकाच शिक्क्यात आधीच कोण ठरवणार?

'येताना डावी बाजू थंड, जाताना उजवी.'

या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण कथेचा हा भाग पूर्ण चूक नाही आणि म्हणूनच ती टिकते. मात्र 'डावी बाजू उत्तरेला, म्हणून सावलीत' एवढं सोपं ते नव्हतं.

भूमध्य समुद्रात बोट पूर्वेकडे जाते, डावी बाजू उत्तरेला. इथे कथा बरोबर, पण इथे उकाड्याचा प्रश्नच फारसा नव्हता. खरा त्रास सुवेझनंतर. सुवेझ ते एडन साधारण १,३०० सागरी मैल. १५ नॉटच्या, म्हणजे तासाला १५ सागरी मैलांच्या वेगाने साडेतीन दिवसांहून थोडं जास्त. तांबडा समुद्र आग्नेयेकडे तिरका उतरतो, तेव्हा बोटीचा डावा अंग पूर्व-ईशान्येला आणि उजवा पश्चिम-नैऋत्येला. म्हणजे सकाळचं ऊन डाव्या केबिनला आणि दुपारनंतरचं उजव्या केबिनला. लोखंडी बाजू दुपारभर तापली की रात्री केबिन भट्टीसारखी होते, त्यामुळे डावी बाजू थोडी बरी. पण सावलीत मुळीच नाही.

त्यातून वाऱ्याचा प्रश्न. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वारा बहुतेक वर्षभर वायव्येकडून वाहतो, म्हणजे मुंबईकडे येणाऱ्या बोटीच्या पाठीमागून. बोटीचा वेग आणि वाऱ्याचा वेग सारखा झाला की डेकवर हवा हलायचीच बंद. मग पोर्टहोलमध्ये पत्र्याचं विंडस्कूप बसवूनही काहीच आत येत नाही. ते बाजूने जाणारी हवा अडवून आत वळवण्यासाठी असतं आणि बाजूने जायला हवाच नाही. अशा रात्री डावीकडचे काय नि उजवीकडचे काय, माणसं गाद्या घेऊन डेकवर झोपायला जात.

एडन ते मुंबई साधारण १,६५० सागरी मैल, साडेचार ते पाच दिवस, दिशा पूर्व-ईशान्य. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो, तेव्हा उजवी बाजू दिवसभर तापते आणि डावी सावलीत राहते. शिवाय ईशान्य मोसमी वारा डावीकडून येतो. इथे कथा चपखल बसते. पण उन्हाळ्यात? मुंबईचे शून्य सावलीचे, म्हणजे भर मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येण्याचे दिवस आपल्याला माहीत आहेत: मेच्या मध्याला एक, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दुसरा. त्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य मुंबईच्या उत्तरेला असतो. एडन आणखी दक्षिणेला, म्हणून तिथे ही मुदत एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत लांबते. या काळात मुंबईकडे येणाऱ्या बोटीचं दुपारनंतरचं ऊन डाव्याच बाजूला येतं. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा उजवीकडून आदळतो, पण लाटाही तिकडूनच येतात, म्हणून खालच्या डेकवरचे त्या बाजूचे पोर्टहोल बंद करावे लागतात.

सारांश एवढाच की कोणती बाजू चांगली हे महिन्यावर अवलंबून होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येणाऱ्यांनी डावी केबिन मागितली असेल, यात शंका घ्यायचं कारण नाही. पण चांगली केबिन मागणारे प्रवासी होते, एवढ्यावरून शब्द तिथून निघाला असं ठरत नाही.

'आद्याक्षरांवरून शब्द तयार झाला.'

आद्याक्षरं जोडून, ती शब्दासारखी उच्चारण्याची पद्धत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बळावली. 'अँझॅक' (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजेचं नाव) १९१५चा, 'रडार' १९४०चा. या प्रकारासाठी 'अॅक्रोनिम' हे नावही १९४०च्या दशकात रुळलं. त्याआधीची उदाहरणं नाहीत असं नाही. 'ओके' १८३९ मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात 'ऑल करेक्ट'च्या मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगवरून आला. पण तोही दोन अक्षरं सुटी उच्चारूनच म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या जुन्या शब्दाला कुणी आद्याक्षरांचा उगम जोडला, की पहिल्यांदा संशय घ्यावा.

ही कथा स्वतः किती जुनी? ती छापलेली सापडते ती ऑक्टोबर १९३५ मध्ये, लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'ला आलेल्या एका पत्रात. म्हणजे शब्द लष्करात रुळून दोन दशकं उलटल्यावर. १९६८ मधल्या एका गाजलेल्या ब्रिटिश बालचित्रपटातल्या गाण्याने ती घरोघरी नेली. १९७१ मध्ये 'मरिनर्स मिरर' या नौकानयन-इतिहासाच्या नियतकालिकात तिच्यावरचे आक्षेप व्यवस्थित मांडले गेले, आणि ऑक्सफर्डच्या कोशानेही तिला आधार नसल्याचं म्हटलं आहे. गाण्याची धाव साहजिकच लांब पडली.

मग शब्द आला कुठून?

कोशकार उगम अनिश्चित मानतात, आणि तसंच मानणं योग्य आहे. सर्वांत बरा दुवा रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सी लोकांच्या, भाषेचा. इंग्लंडमधल्या रोमानी लोकांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे अर्धा आणि 'पॉश-हॉरी' म्हणजे अर्धा पेनी. चोरांच्या बोलीतला अर्ध्या पेनीचा 'पॉश' तिथून आला, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. पैसा, मग पैसा उधळणारा नटवा, मग त्याचे कपडे, अशी साखळी लावता येते. पण तिच्या मधल्या कड्यांना लेखी पुरावा कमी आहे. रोमानी ही भारतीय-आर्य कुळातली भाषा. अर्धा या अर्थाचा हा शब्द अभ्यासक संस्कृत 'पार्श्व'शी जोडतात, आणि आपलं 'पाशी'ही तिथलंच.

दुसरा एक दावा उर्दूप्रेमी करतात, की 'सफेदपोश' (शब्दशः पांढरे कपडे घातलेला) यावरून इंग्रजांनी 'पॉश' उचलला. ऐकायला बरा वाटतो, कारण फारसी '-पोश' आपल्या पलंगपोसात आहेच आणि ब्रिटिश शिपायांनी 'पक्का', 'लूट', 'खाकी' असे कितीतरी शब्द खरोखर नेले. अडचण अशी की 'पोश' हा पदान्त सुटा वापरला जात नाही, आणि कोणत्याही इंग्रजाने हिंदुस्थानातून 'सफेदपोश'चं तोडून 'पोश' केल्याची नोंद नाही. साम्य म्हणजे पुरावा नव्हे, हे बोटीच्या कथेला जितकं लागू तितकंच याला.

शब्दाचा खरा प्रवास त्याच्या अर्थात आहे, आणि तो या जन्मकथेहून कितीतरी रोचक आहे. १९२१ मध्ये फ्लेटन युनायटेड या फुटबॉल संघाच्या व्यवस्थापकाने 'पॉश संघासाठी पॉश खेळाडू' हवेत असं म्हटलं. ते टोपणनाव पीटरबरो युनायटेडकडे आलं आणि आजही त्या संघाला 'द पॉश' म्हणतात. तिथे अर्थ अजून 'झकास, टापटीप' असा आहे. पुढे ब्रिटनमध्ये तो वर्गाकडे सरकला. आता तिथे पॉश ठरतो तो उच्चार, शाळा आणि घराणं यांवर. लॉटरी लागलेला माणूस श्रीमंत, पण पॉश नाही. छप्पर गळणाऱ्या जुन्या वाड्यात राहणारा सरदार-वंशज मात्र पॉश. त्यात टोमणाही असतो. २०१२ मध्ये नडीन डॉरिस या खासदारबाईंनी आपल्याच पक्षाच्या पंतप्रधानांना आणि अर्थमंत्र्यांना 'अहंकारी पॉश मुलं' म्हटलं होतं.

मराठीत हा टोमणा आलाच नाही. आपण वस्तीला, फ्लॅटला, हॉटेलला, गाडीला पॉश म्हणतो, आणि ते कौतुकानेच. माणूस पॉश म्हटला तर त्याचे कपडे किंवा राहणी डोळ्यांपुढे येते, उच्चार नाही. एका परीने मराठीतला अर्थ १९१४च्या घोडदळातल्या अर्थाला ब्रिटनमधल्या आजच्या अर्थापेक्षा जवळचा आहे.

आणि एक 'पॉश' मात्र खरोखर आद्याक्षरांचा आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३च्या कायद्याला भारतात सर्रास 'पॉश कायदा' म्हणतात, 'प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट'वरून. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. कचेरीत 'पॉश ट्रेनिंग'ची सूचना लागली, तर ती याची असते.