टेक्सासला खुशाल जा, पण कोर्टाला सांगून जा

परवा आमच्या इकडच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी 'मित्रासाठी' विचारलं होतं (हा मित्र कोण असतो ते सगळ्यांनाच माहीत असतं). कॅलिफोर्नियात डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवल्याची केस) झालंय, केस अजून चालू आहे, टेक्सासमध्ये जॉब मिळतोय, काय करू? खाली धडाधड उत्तरं. 'जा बिनधास्त, प्रत्येक स्टेटचं वेगळं असतं.' 'तिकडचं लायसन्स काढ, पाटी कोरी.' एकाने तर लिहिलं, दोन वर्ष शांत बस, आपोआप विसरतात. हे वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून हे लिहितेय. मी वकील नाही, पण या देशात बरीच वर्ष काढलीत, मंडळाच्या कामामुळे लोक रात्री-अपरात्री फोन करतात, आणि या सल्ल्यांनी पोरांचं काय होतं ते जवळून पाहिलंय.

आधी एक गोष्ट, राज्य सोडून जाणं हा गुन्हा नाहीये. अटकेनंतर पोलिसांनी सोडताना जे कागद दिले त्यात किंवा जामिनाच्या अटीत 'राज्याबाहेर जायचं नाही' असं लिहिलं नसेल तर तुम्ही जाऊ शकता, म्हणून तो कागद आधी नीट वाचा, पॅंटच्या खिशात चुरगाळून ठेवू नका. आणि जावं तर लागतंच ना! एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्याची नोकरी गेली की हातात ६० दिवस, त्यात जिथे ऑफर येईल तिथे जायचं, मग ते ऑस्टिन असो नाहीतर शार्लट. त्यामुळे कुणी गेला म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. माझा राग आहे तो न सांगता गायब होण्यावर, आणि ते करायला शिकवणाऱ्या या दादा लोकांवर.

आपल्या डोक्यात अजून ते ई-चलन बसलेलं असतं हो. फोनवर मेसेज येत राहतात, आपण साठवत राहतो आणि मग कधीतरी लोकअदालतीत जाऊन कमी पैशात मिटवून टाकतो. इथे तसं नाही चालत. अमेरिकेत १९६० पासून नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर आहे, एका राज्याने तुमचं लायसन्स सस्पेंड केलं की नाव तिथे जातं आणि दुसऱ्या राज्यातला माणूस नवीन लायसन्स देण्याआधी ते तपासतो. शिवाय बहुतेक राज्यांचा आपसात करारच आहे की तुमच्याकडे झालेलं आम्हाला कळवा. म्हणजे तुम्ही डॅलसच्या ऑफिसात फोटो काढून हसत उभे आणि खिडकीतली बाई म्हणते, आधी कॅलिफोर्नियाचं क्लिअर करून या. झाली पाटी कोरी!

आणि हे सस्पेन्शन कोर्टाच्या निकालाची वाट बघत नाही, हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. एकाच रात्रीची दोन प्रकरणं होतात, एक कोर्टात आणि एक डीएमव्हीकडे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याकडे. कॅलिफोर्नियात पोलीस तिथल्या तिथे लायसन्स काढून घेतो आणि गुलाबी कागद हातात देतो, त्यावर ३० दिवस गाडी चालवता येते, पण डीएमव्हीसमोर सुनावणी मागायची असेल तर १० दिवसांतच मागायची. टेक्सासमध्ये अटक झाली तर १५ दिवस. माणूस त्या दहा दिवसांत काय करत असतो? सामान हलवायला यू-हॉलचा ट्रक बुक करत असतो, अपार्टमेंटचं लीज मोडत असतो आणि घरी आईला 'सगळं मस्त चाललंय' सांगत असतो. कोर्टाची तारीख तर लांब आहे ना, बघू मग. तोवर डीएमव्हीची मुदत संपलेली असते, नोटीस जुन्या पत्त्यावर पडून असते आणि तिथे आता कुणीतरी दुसराच राहत असतो.

तारखेला गेला नाहीत तर जज बेंच वॉरंट, म्हणजे अटकेचा हुकूम, काढतो. त्यासाठी कुणी लगेच विमानाने तुम्हाला पकडायला येत नाही, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की सुटलो. पण ते वॉरंट तसंच सिस्टिममध्ये राहतं. एक दिवस गाडीचा मागचा दिवा गेलाय म्हणून पोलीस थांबवतो, नाव टाकतो, आणि मागे कारसीटमध्ये पोर बसलेलं असतं. किंवा भारतातून परत येताना एअरपोर्टवर बाजूच्या खोलीत नेऊन बसवतात. साध्या डीयूआयचा, म्हणजे कुणाला इजा नाही, पहिलीच वेळ, अशा केसचा निपटारा होऊ शकतो. न गेल्याचं जे वर चढतं त्याने सगळा घोळ वाढतो, जज पण मग वेगळ्या नजरेने बघतो.

मग करायचं काय? जायच्या आधी वकिलाला सांगायचं, बस. मिस्डिमीनर (किरकोळ गुन्हा) असेल तर बऱ्याच ठिकाणी तुमच्या वतीने वकील उभा राहू शकतो, सगळ्या तारखांना विमानाचं तिकीट काढावं लागत नाही, अर्थात जजने बोलावलं तर जावंच लागेल. कोर्टाला आणि डीएमव्हीला नवीन पत्ता द्यायचा. यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) तर पत्ता बदलल्यावर १० दिवसांत कळवायचंच असतं, डीयूआय असो नसो, ते निम्मे लोक करत नाहीत तो वेगळा विषय. आणि पुढे शिक्षा म्हणून दारूबद्दलचे क्लास लागले तर ते कुठे करायचे हे गिल्टी म्हणायच्या आधी विचारा. कॅलिफोर्नियाची डीएमव्ही तिच्या मान्यतेचाच प्रोग्रॅम मागते, बाहेर राहायला गेलेल्यांना त्यातून सूट मिळवायला वेगळे कागद करावे लागतात, टेक्सासमध्ये बसून कुठला तरी ऑनलाइन क्लास केला आणि सर्टिफिकेट पाठवलं असं होत नाही.

वकील पण एक पुरत नाही आपल्याला. गुन्ह्याचा वकील वेगळा, इमिग्रेशनचा वेगळा. पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की गुन्हा कबूल केल्याचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे बिगर-नागरिक अशिलाला सांगणं वकिलाचं काम आहे. पण तुम्ही एच-१बीवर आहात हे त्याला सांगितलं तर तो सांगेल ना! लाजेपोटी तेही सांगत नाहीत लोक.

बरं, न्यू जर्सीवाले हे वाचून म्हणतील, आमच्याकडे तर हा ट्रॅफिकचाच गुन्हा. खरंय, तिथे डीडब्ल्यूआय (डीयूआयचंच तिथलं नाव) म्युनिसिपल कोर्टात चालतं, क्रिमिनल धरत नाहीत. पण व्हिसावाल्यांना त्याचं काही नाही. व्हिसाच्या अर्जाच्या, म्हणजे डीएस-१६० फॉर्ममध्ये प्रश्न 'अटक झाली होती का' असाही आहे, फक्त शिक्षेचा नाही. तिथे 'नो' टिक केलं की दारूची केस राहते बाजूला आणि खोटं बोलल्याची सुरू होते.

आता जरा कडू बोलते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला त्या पोर्शेने दोन तरुण इंजिनीअर मारले तेव्हा याच ग्रुपवर आगपाखड चालली होती. तीनशे शब्दांचा निबंध, रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप, सगळ्यावर आपण बोललो आणि बरोबरच बोललो. पण त्याच ग्रुपवर आपला माणूस दारू पिऊन स्टिअरिंगवर बसला की 'बिचारा', 'दोनच बिअर होत्या', 'करिअरचा प्रश्न आहे'. रक्तातल्या अल्कोहोलची ०.०८ टक्क्यांची मर्यादा अमेरिकेत जवळपास सगळ्या राज्यांत आहे, युटामध्ये तर ०.०५. नशीब म्हणायचं की समोर कुणी आलं नाही. मला त्या मुलाबद्दल वाईट वाटतं, खोटं नाही सांगत, पण त्याला मदत करायची म्हणजे पळवाट दाखवायची नाही. त्याला वकिलाकडे घेऊन जा, कोर्टाच्या दिवशी सोबत जा, लायसन्स नाही तर तुमच्या गाडीतून ऑफिसला सोडा. ते कुणी करत नाही, कारण मग मंडळात कळेल.

आणि शेवटचं, कारण दिवाळी जवळ आली की याचे फोन वाढतात. २०१५ पासून डीयूआयची नुसती अटक झाली तरी स्टेट डिपार्टमेंट (अमेरिकेचं परराष्ट्र खातं) व्हिसा रद्द करू शकतं, शिक्षा व्हायची गरज नाही. त्याची सूचना बहुतेक ईमेलने येते, फॉर्मवर दिलेल्या पत्त्यावर, आणि तो पत्ता बऱ्याच जणांचा कॉलेजच्या वेळचा असतो जो उघडूनच जमाना झालेला असतो. तुम्ही अमेरिकेत आहात तोवर नोकरी चालू राहते, फरक काहीच जाणवत नाही. पण बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेलात की परत यायला नवीन व्हिसा लागणार, अमेरिकन वकिलातीने ठरवलेल्या डॉक्टरकडे तपासणी होणार, त्याला किती आठवडे लागतील कुणी सांगत नाही आणि टेक्सासची नवी कंपनी तेवढं थांबेलच असं नाही. तेव्हा केस चालू असेल तर तिकीट काढायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला फोन करा, आणि घरच्यांना खरं कारण सांगा, 'सुट्टी मिळत नाहीये' हे त्यांना चौथ्यांदा ऐकवू नका.