स्वप्निल कुसाळेच्या रायफलवर दुर्बीण नव्हती

‘ऑलिम्पिकवाले 24 पट दुर्बीण लावतात, म्हणून पॉइंट टू-टूसाठी तीच घ्या,’ असा एक मेसेज फिरतोय (पॉइंट टू-टू म्हणजे .22 कॅलिबरची लहान रायफल). त्यातलं पहिलं वाक्य साफ चुकीचं आहे आणि दुसरं खिशाला महागात पडणारं.

कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 साली पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. त्या प्रकारात रायफलवर दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट, पुढे गोल कडी, बस्स. 10 गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, तेही असंच टिपायचं! फोटोत नेमबाजाच्या बाजूला स्टँडवर दुर्बीण दिसली, तर ती गोळी कुठे लागली हे बघायची.

स्कोप, म्हणजे रायफलवरची दुर्बीण, लागतो तो बेंचरेस्टसारख्या, रायफल टेबलावर टेकवून मारायच्या प्रकारांत. तिथेही नुसत्या पटीवर भुलू नका. आधी पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेमाची खूण टार्गेटवर सरकल्यासारखी दिसण्याचा दोष, किती अंतरासाठी जुळवलाय ते विचारा. मोठ्या रायफलींचे साधे स्कोप बहुधा 100 यार्डांवर जुळवलेले असतात, रिमफायरचे, म्हणजे पॉइंट टू-टूसारख्या रायफलींचे, 50 वर. शंका असेल तर रिकामी रायफल टेकूवर पक्की ठेवा, 50 मीटरवरच्या टार्गेटकडे बघा आणि रायफलला हात न लावता डोकं किंचित हलवा. क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) टार्गेटवर सरकताना दिसली, की गाल जरा इकडेतिकडे झाला तरी नेम चुकणार. पट वाढवून हा दोष जात नाही. फोकस फिरवून पॅरॅलॅक्स जुळवता येणारा स्कोप मिळाला तर उत्तमच.