कट्टा: कांदा कुणाचा, लग्न कुणाचं, बाटली कुणाची

परवा कट्ट्यावर जो वाद झाला तो मुद्दाम लिहून काढतोय. आपल्याकडे राजकारणावर गप्पा म्हणजे ह्या पक्षाचं सरकार बरं का त्या पक्षाचं, एवढंच. सरकारने मुळात कशाकशात हात घालावा आणि कशात अजिबात घालू नये, सरकार कुठलंही असो, हे कुणी विचारतच नाही. परवा ते निघालं, आणि नाशिकात निघणार म्हणजे कांद्यावरूनच.

मंडळी नेहमीचीच. पाटील, निफाड तालुक्यात शेती, पोरांच्या शिक्षणासाठी शहरात फ्लॅट. मास्तर, रिटायर्ड, जुने समाजवादी, वयाने आमच्यापेक्षा बरेच मोठे. वकील, दिवाणी कोर्टात प्रॅक्टिस. आणि मी, ज्याचं कॉलेजपासून एकच म्हणणं आहे की सरकार छोटं असावं पण जेवढं असेल तेवढं खणखणीत असावं.

पाटलाने २०२३ चं काढलं. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात दर केला, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचाच नाही, तरी भाव पडेना म्हणून ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद. "आणि वेळ बघा ना कुठली साधली," पाटील म्हणाला, "उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत साठवून ठेवला असता, चार महिने थांबलो असतो. डिसेंबरात लाल कांदा असतो, तो टिकतो का? काढला की ट्रॅक्टर भरून बाजार समितीत न्यायचा आणि मिळंल त्या भावात द्यायचा, दुसरा रस्ताच नाही. बी माझं, मजुरी माझी, अवकाळीत भिजला तेव्हा नुकसान माझं, आणि भाव यायला लागला की कांदा देशाचा."

मास्तर म्हणाले, "अरे पण मुंबईत हातावर पोट असणाऱ्या माणसाने साठ-सत्तर रुपये किलोने कांदा घ्यायचा का? सरकारने बघत बसायचं?"

प्रश्न बरोबरच आहे आणि मला तो टाळायचा नाहीये. मी म्हटलं, मास्तर, गरिबाला स्वस्त कांदा द्यायचाच असेल तर सरकारने बाजारभावाने विकत घ्यावा आणि स्वतःच्या तिजोरीतून तोटा सोसून स्वस्तात द्यावा, नाहीतर सरळ त्या माणसाच्या खात्यात पैसे टाकावेत. मग तो खर्च बजेटमध्ये दिसेल, तुमच्या-माझ्या टॅक्समधून जाईल, विधानसभेत-लोकसभेत कुणीतरी हिशोब विचारेल. निर्यातबंदीत काय होतं, तर तीच मदत पाटलाच्या खिशातून काढली जाते, त्याची कुठेही नोंद होत नाही आणि गंमत म्हणजे नरिमन पॉइंटला राहणाऱ्याला पण तोच स्वस्त कांदा मिळतो. ही गरिबाला केलेली मदत नाही, हा न सांगता लावलेला टॅक्स आहे आणि तो फक्त कांदा पिकवणाऱ्यालाच लावलाय.

शरद जोशी उणे सबसिडी म्हणायचे ते हेच. १९८० साली चाकणला कांद्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकरी संघटनेची घोषणाच होती, भीक नको, हवे घामाचे दाम. त्यात सरकारने आम्हाला काही द्या असं नव्हतंच, आमच्या वाटेतून बाजूला व्हा असं होतं. आता हे लोक विसरलेत. पुढे १९९४ ला त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, तो राजाजी आणि मिनू मसानींच्या, खुल्या बाजाराचा आग्रह धरणाऱ्या स्वतंत्र पक्षाच्या वळणाचा. राजाजींनी लायसन्स-परमिट-कोटा राज म्हणून ज्याला नावं ठेवली त्यातलं लायसन्स कारखानदाराचं १९९१ ला बरंचसं सुटलं, शेतकऱ्याचं नाही सुटलं.

मास्तरांनी मग बंगालचा दुष्काळ काढला. १९४३, साठेबाजांनी तांदूळ दाबून ठेवला, लाखो माणसं मेली, त्यातूनच पुढे साठ्यावर आणि भावावर सरकारला ताबा देणारा जीवनावश्यक वस्तू कायदा आला १९५५ चा, उगाच नाही आला. मास्तर पोटतिडकीने बोलत होते आणि साठेबाजी झालीच नाही असं मी म्हणणार पण नाही. पण पूर्ण गोष्ट सांगा ना. १९४२ मध्ये जपानी येतील ह्या भीतीने किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांतला तांदूळ सरकारनेच उचलला, होड्या सरकारनेच जप्त केल्या नाहीतर मोडल्या, त्या होड्यांवर कोळ्यांचं आणि धान्याच्या वाहतुकीचं सगळं चालायचं. आणि एकेका प्रांताने आपलं धान्य बाहेर जाऊ द्यायचं बंद केलं होतं, म्हणजे शेजारी धान्य असून बंगालात येईना. ही निर्यातबंदीच की!

"आणि दुष्काळ जाहीर करून वेळेवर अन्नछत्रं उघडली नाहीत, ते पण सरकारनेच केलं नाही," मास्तर म्हणाले. "म्हणजे तिथे सरकार कमी पडलं, जास्त नाही झालं."

हे मला मान्य आहे, शंभर टक्के. माणूस भुकेने मरत असताना त्याला जेवण घालणं हे सरकारचं काम नाही असं म्हणणारेही लोक आहेत, मी त्यातला नाही. माझं म्हणणं एवढंच की जेवण घाला, पण दुसऱ्याचा हात धरून नका घालू.

इथे वकिलाने तोंड उघडलं. तो म्हणाला, पाटील कोर्टात का जात नाही माहितीये का, गेला तरी फारसा उपयोग नाही म्हणून. १९५१ ला पहिली घटनादुरुस्ती झाली, त्यात ३१-ब कलम आणि नववं परिशिष्ट आलं. त्या परिशिष्टात टाकलेला कायदा मूलभूत हक्कांच्या विरोधात आहे म्हणून रद्द करता येत नाही अशी सोय केली. सुरुवातीला १३ कायदे होते, जमीनदारी मोडायची होती म्हणून, आणि जमीनदारी मोडायलाच हवी होती. पण भोक पाडलं ते पाडलं, आज त्यात २८४ कायदे आहेत, जीवनावश्यक वस्तू कायदापण त्यातच. मालमत्तेचा हक्क तर १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढूनच टाकला, ३००-अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून राहिला. २००७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १९७३ नंतर परिशिष्टात घातलेले कायदे तपासता येतील, पण तपासायला आयुष्य आणि वकिलाची फी लागते, दोन्ही पाटलाकडे नाही.

पाटील खूश. पण मी त्याला सोडला नाही कारण मला त्याचाही राग येतो कधीकधी. म्हटलं, कांद्याला सरकार नको आणि कारखान्याला हवं, असं कसं? आपल्या राज्यात दोन साखर कारखान्यांमध्ये २५ किलोमीटर अंतर पाहिजे, तेही हवाई अंतर, केंद्राचा नियम १५ चा आहे, आपण वाढवून घेतलं. कुणासाठी? शेजारी नवा कारखाना उभा राहिला तर ऊस पळवेल, भाव जास्त द्यावा लागेल, ही भीती कुणाला असते? ऊस घालणाऱ्याला तर नसते ना. पाटलाचा मेव्हणा एका कारखान्यात संचालक आहे, त्यामुळे ह्या विषयावर पाटील चहा प्यायला लागला.

खरा भडका पुढे उडाला. बोलता बोलता पाटील म्हणाला की काही असो, पोरी पळून जाऊन लग्न करतात त्यावर मात्र सरकारचं लक्ष पाहिजे. डिसेंबर २०२२ ला राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती ठेवायला समिती नेमली होती, ओरड झाली तसं दोन दिवसांत आंतरजातीय शब्द काढला आणि आंतरधर्मीय ठेवला. पाटलाला ती समिती पटलेली.

वकील उसळलाच. "माझ्याकडे स्पेशल मॅरेज ॲक्टने, म्हणजे धर्माच्या विधीऐवजी सरकारी नोंदणीने लग्न करणारी जोडपी येतात ना, त्यांचे चेहरे बघ एकदा. नोटीस दिली की ३० दिवस थांबायचं, नोटीस कार्यालयाच्या भिंतीवर लावतात, त्यात नाव, वय, पत्ता सगळं, कुणीही येऊन वाचावं आणि हरकत घ्यावी. पोरगी रोज विचारते, सर, आमच्या गावचं कुणी आलं नव्हतं ना तिकडे? १९५४ चा कायदा आहे, त्या वेळी तो पुढारलेलाच होता, पण जातीत लग्न करणाऱ्याला भिंतीवर टांगत नाहीत, ह्यांनाच का? अलाहाबाद हायकोर्टाने २०२१ ला सांगितलं की जोडप्याची इच्छा नसेल तर नोटीस प्रसिद्ध करू नका, आपल्याकडे अजून भिंत आहेच."

पाटील म्हणाला, कांदा वेगळा आणि पोरगी वेगळी. मी म्हटलं, वेगळीच, कांदा तुझा आहे, पोरगी तुझी नाही, ती सज्ञान आहे, ती तिचीच आहे. थोडं कडक लागलं त्याला, पण हेच मला बोलायचं होतं आणि आज परत लिहितोय. सरकारला एकदा म्हणू दिलं की तुझ्या भल्यासाठी तुझ्या आयुष्यात आम्ही येतो, की ते कुठल्या दाराने येईल हे तुम्ही नाही ठरवू शकत. पाटलाला बाजाराचं स्वातंत्र्य पाहिजे आणि घरात पहारा, वकिलाला लग्नाचं स्वातंत्र्य पाहिजे आणि कांदा मात्र स्वस्तात, कारण निर्यातबंदी झाली तेव्हा तो पण बरं झालं म्हणाला होता, मला आठवतंय. दोघं मिळून सरकारला अख्ख्या घराची किल्ली देतात, अर्धी अर्धी. मास्तरांचं मला त्या मानाने कौतुक वाटतं, आणीबाणीत ते आत होते, माणसाच्या बोलण्या-लिहिण्यावर, लग्नावर सरकारचा हात त्यांना अजिबात खपत नाही. पण बोलण्याचं स्वातंत्र्य पोट सरकारच्या हातात देऊन किती दिवस टिकतं, ह्यावर ते बोलत नाहीत.

तेवढ्यात चहावाल्या मावशी, इतका वेळ कप विसळत ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, "मग दारूचं काय म्हणता तुम्ही? ती पण ज्याची त्याची मर्जी?"

मी म्हटलं हो. प्यायला परवाना लागतो आपल्या राज्यात, १९४९ च्या कायद्याने, कागदोपत्री आजपण लागतो, आणि निम्म्या पिणाऱ्यांना ते माहीतही नसेल. मोठ्या माणसाने काय प्यावं ते सरकारने का सांगायचं?

मावशी म्हणाल्या, त्यांच्या बहिणीच्या गावात बायकांनी मतदान करून दुकान बंद केलं. उभी बाटली, आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद, असा नियम आहे आपल्याकडे. "नवरा प्यायचा आणि मारायचा. पोलीस पाटलाला सांगितलं, ठाण्यात सांगितलं, कुणी आलं नाही. मग काय करायचं होतं तिने?"

मी म्हटलं, मावशी, मारणं हा गुन्हा आहे, पिणं नाही. पोलिसांचं पहिलं काम तेच आहे, अशक्त माणसावर हात उगारला की धावून जायचं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी नेमायची सोय आहे त्यात, पण एकेका अधिकाऱ्याकडे अख्खा तालुका आणि बाकीची दहा कामं. मला छोटं सरकार पाहिजे ते ह्याचसाठी, की बंदरावर कांद्याचे कंटेनर अडवायला जी माणसं आणि जी ताकद लागते ती तुमच्या बहिणीच्या दारात उभी राहावी. आणि दुकान बंद केल्याने नवरा सुधारतो का, शेजारच्या गावात जाऊन पितोच ना?

"जातो," मावशी म्हणाल्या, "पण रोज नाही जात. लांब आहे. आठवड्याचे चार दिवस तरी घरात शांतता असते."

ह्यावर कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. मग वकील म्हणाला की निदान हा निर्णय ज्यांना सोसावा लागतो त्यांनीच घेतला, दिल्लीतून कागद नाही आला, म्हणजे तुझ्या तत्त्वात बसवता येईल. बसवायला मला आवडलं असतं. पण मास्तरांनी लगेच पकडलं, "मग उद्या शहरातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी मत दिलं की कांदा वीस रुपयांच्या वर जाऊ द्यायचा नाही, तर चालेल?"

नाही चालणार. कारण २०२३ ला वेगळं काय झालं होतं, खाणारे जास्त आणि पिकवणारे कमी, निवडणूक तोंडावर, म्हणून तर कागद निघाला. जास्त हात वर आले म्हणून पाटलाचा कांदा अडवणं चूक असेल तर जास्त शिक्के पडले म्हणून कुणाचं दुकान बंद करणंही चूकच, न मारणारे पिणारे पण असतात त्या गावात. मी तसं मावशींना सांगितलं, तोंडावर. त्या म्हणाल्या, तुमचे पोलीस वेळेवर यायला लागले की मला सांगा, मी बहिणीला सांगते बाटली उभी करायला, तोवर ती आडवीच राहणार.