बासरीचं हेवी मेटल

परत आली ती यादी. ठाण्याहून नेरूळची लोकल पकडली, ऐरोलीला मोबाइलवर ग्रॅमीची, म्हणजे अमेरिकेतल्या त्या संगीत पुरस्कारांची नामांकनं उघडली आणि घणसोली येईपर्यंत डोकं सटकलं. तीच पाच-सहा नावं, या रकान्यातून त्या रकान्यात फिरवलेली. लग्नातल्या आहेराच्या साड्याच जणू!

अहो, ही तीच मंडळी, ज्यांनी 1989 साली हार्ड रॉक-मेटलचा, म्हणजे दणदणीत गिटार-ड्रमच्या संगीताचा पहिलावहिला पुरस्कार मेटॅलिका या मेटल बँडला डावलून जेथ्रो टल या बँडला दिला. बासरीवाल्यांना! ते बिचारे समारंभाला फिरकलेही नव्हते, कारण जिंकू असं त्यांनाच वाटलं नव्हतं. (बासरी वाईट नाही हो. पण मेटल?)

क्वीन या रॉक बँडला स्पर्धेतलं एकही ग्रॅमी नाही. रेगे गायक बॉब मार्लेलाही नाही. त्याला जीवनगौरव दिला 2001 मध्ये, तो जाऊन 20 वर्षं झाल्यावर. पंगत उठल्यावर पान मांडायचं, ते हे असं.

घरी येऊन आदळआपट केली तर आई म्हणाली, "दरवर्षी चिडतोस, मग बघतोस कशाला?"

बघणार नाहीच आहे. सोमवारी पहाटेचा गजर आपला असाच लावून ठेवतो.