नाइटला तीळ कुठे द्यावा?

एका ॲपवर नुकतीच एक मराठी फँटसी कादंबरी संपवली. क्रमशः होती, भाग उघडायचा तर दर वेळी पैसे भरा. मोठा सरदार मेलेला, गादीवर पहिल्या बायकोची मुलगी बसणार की दुसरीचा मुलगा यावरून घर फुटलेलं, आणि मधल्यामध्ये अडकलेला एकनिष्ठ नाइट, म्हणजे धन्याला शपथेनं बांधलेला घोडेस्वार योद्धा. आता असलं काही समोर आल्यावर कोण थांबणार? भरत गेलो. शेवटच्या भागात कळलं की नाइटच्या खांद्यावर गरुडाच्या आकाराचा तीळ आहे. म्हणजे खरा वारस तोच! संपलं.

तुम्हीही असं काही लिहायला बसला असाल, तर चार गोष्टी सांगून ठेवतो. फुकट.

नाइटला गाव, आईबाप, देणेकरी यातलं काहीही देऊ नका. तो दाराशी उभा राहण्यासाठीच जन्मलेला असतो.

हात कायम तलवारीच्या मुठीवर. जेवतानासुद्धा.

त्याचा घोडा काही खात नाही.

पगाराचा विषय काढू नका, निष्ठा बाटते. १७७३ साली शनिवारवाड्यात गारदी घुसले ते थकलेल्या पगाराच्या नावानं, आणि काकांच्या भांडणात पुतण्याचा जीव घेऊन मोकळे झाले. पण ते आपलं घरचं प्रकरण. फँटसीत असला क्षुद्रपणा शोभत नाही.

मृत्युपत्र शेवटून दुसऱ्या भागात, भिंतीतल्या विटेमागे.

अडलात की ड्रॅगन.

आता शपथ. ती नाइटनं भर पावसात, गुडघे टेकून घ्यायची. कुणाच्या नावानं घेतली, कसली घेतली, त्यात अट काय होती, हे सांगून वाचकाचा वेळ घालवू नका. म्हणजे पुढचे सगळे भाग त्याला ‘कर्तव्य की प्रेम’ म्हणत उसासे टाकता येतात. इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीला हे कळलं नाही. त्याचा एकुलता एक औरस मुलगा ११२० मध्ये जहाज बुडून गेला, म्हणून ११२७ मध्ये त्यानं दरबारातल्या बड्या मंडळींना मुलीच्या, मटिल्डाच्या, नावानं शपथ घ्यायला लावली. घेणाऱ्यांत भाचा स्टीफनही होता. डिसेंबर ११३५ च्या पहिल्या तारखेला राजा गेला आणि महिना सरायच्या आत भाचेबुवा मुकुट घालून बसले. मग शपथेचं काय? पळवाटा निघाल्या की! ह्यू बिगॉड नावाचा सरदार म्हणाला, मरताना राजानं मन बदललं. सॅल्सबरीचा बिशप रॉजर म्हणायचा, आम्हाला न विचारता मुलीचं लग्न देशाबाहेर लावलं, तेव्हाच आम्ही शपथेतून सुटलो. आणि ब्रायन फिट्झ काउंट नावाचा एकजण वॉलिंगफर्डचा किल्ला धरून मटिल्डाच्या बाजूनं बसला तो बसलाच. त्यानं विंचेस्टरच्या बिशपला, म्हणजे स्टीफनच्याच सख्ख्या भावाला, लिहिलेलं पत्र उरलं आहे. मजकुराचा मथितार्थ असा की तिची बाजू धर असं तुम्हीच मला सांगितलंत, ते ऐकलं म्हणून माझ्या जमिनी गेल्या, आणि हेन्री राजानं दिलेल्या जमिनीतलं एका एकराचं धान्यही आज माझ्या घरात येत नाही.

एका एकराचं धान्य! शब्द पाळणारा माणूस पिकाचा हिशेब मांडतोय, आणि ज्यानं त्याला यात घातलं त्यालाच तोंडावर सुनावतोय. अख्खी कादंबरी आहे इथे. तुम्हाला काय सुचलं? तीळ.

बरं, कल्पनेतला नाइट हवा तर तोही आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जॉर्ज मार्टिनच्या २०१८ च्या पुस्तकातला क्रिस्टन कोल. कारभाऱ्याचा पोरगा, राजकन्येचा खास रक्षक, आणि शेवटी तिच्या सावत्र भावाच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं मुकुट ठेवणारा. का उलटला? एक बखरकार म्हणतो, चल पळून जाऊ असं हा म्हणाला आणि तिनं नाकारलं. दरबारी विदूषक म्हणतो, तीच याच्याकडे गेली आणि यानं नाकारलं. लेखक निकाल देत नाही. वाचक अजून भांडतायत.

‘आमच्या वाचकाला एवढं खोलात नको असतं’ म्हणे. अहो, तुमचा वाचक आहे तरी कोण? बहिणीच्या हक्कसोडपत्रावरून त्याच्या घरात बोलणं बंद आहे. गुंठ्यासाठी सख्खे भाऊ तालुक्याला खेटे घालताना त्यानं बघितलेत. दोन्ही घरी जेवलेल्या माणसानं साक्षीदाराच्या रकान्यात कुणाच्या कागदावर सही केली, हे त्याला तारखेसकट पाठ असतं. आणि सही करून बाहेर आल्यावर त्या साक्षीदारानं दुसऱ्या घरासमोरून सायकल कशी हाकली, तेही. या माणसाला तुम्ही भाऊबंदकी दाखवायला निघालात आणि तोडगा काय काढलात? गरुड!

नाइट वारस निघाला की त्याला निवडच करावी लागत नाही, एवढंही कळू नये? दोघांपैकी एकाला दगा दिल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. तो कुणाला देतो ते बघायला तर आम्ही पैसे भरत होतो. कष्टाचं पान तेवढं एकच होतं आणि नेमकं तेच टाळलंत. शुद्ध कामचुकारपणा आहे हा. आता ‘पर्व दुसरे लवकरच’ अशी जाहिरात लावून बसलाय. आधी पहिल्याचा शेवट नीट लिहा. दगा कुणाला दिला, त्याचं नाव लिहा. मग मागा पैसे.