पक्ष फोडायला परके कशाला हवेत?

9 ऑगस्ट जवळ आला की ठाण्यातल्या जुन्या समाजवाद्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. यंदा तलावपाळीच्या कट्ट्यावर त्याचं जाहीर वाचनही झालं. मजकूर असा: ट्रॉट्स्कीवादी कम्युनिस्टांनी (म्हणजे स्टॅलिनशी फाटलेला रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की याच्या अनुयायांनी) 42मध्ये इंग्रजांना साथ दिली, मग ते गुपचूप जयप्रकाश-लोहियांच्या समाजवादी पक्षात घुसले आणि त्यांनीच पक्ष फोडला.

आधी 42चं. ‘भारत छोडो’ला विरोध केला तो भारतीय कम्युनिस्ट पक्षाने. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर त्यांच्या लेखी दुसरं महायुद्ध ‘लोकयुद्ध’ ठरलं, म्हणजे इंग्रजांना युद्धात साथ द्यायची. जुलै 1942मध्ये सरकारने त्यांच्यावरची बंदीही उठवली. ट्रॉट्स्कीवाद्यांची चूल वेगळी. त्यांची बोल्शेविक-लेनिनिस्ट पार्टी 1942चीच, आणि ती लढ्याच्या बाजूने होती. सिलोनच्या (आताच्या श्रीलंकेच्या) तुरुंगातून निसटून आलेले फिलिप गुणवर्धने आणि एन. एम. परेरा याच पक्षाचे. 1943मध्ये मुंबईत पोलिसांनी त्यांना धरलं आणि सिलोनला परत धाडलं. साथीदारांना असं वागवतात होय?

‘घुसले’ यात तथ्य आहे, नाही असं नाही. मोठ्या पक्षात शिरून माणसं वळवायची, हा सल्ला खुद्द ट्रॉट्स्कीने 1934मध्ये फ्रान्समधल्या अनुयायांना दिला होता. पण ‘गुपचूप’ कुठलं? 1948मध्ये आपापसात भरपूर वाद घालून त्यांनी स्वतःचा पक्षच विसर्जित केला आणि उघडपणे समाजवादी पक्षात गेले. शिवाय तोवर समाजवादी तरी कुठे होते? 1934पासून काँग्रेसच्या आतच, काँग्रेस समाजवादी पक्ष असा वेगळा पक्ष मांडून! आतून खरा सुरुंग लागला तो आधीच: 1936मध्ये जयप्रकाशांनी कम्युनिस्टांना दार उघडलं, केरळचे कम्युनिस्ट नेते नंबुद्रीपाद त्या पक्षाचे संयुक्त चिटणीस झाले आणि 1940च्या सुमारास केरळची अख्खी शाखा हातची गेली. तेही ट्रॉट्स्कीवादी नव्हेत.

राहिली फूट. 1952मध्ये समाजवादी पक्ष विलीनीकरणातून प्रजा समाजवादी पक्ष झाला होता. 1954मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये (आताच्या केरळात) या पक्षाचंच, पट्टम थाणू पिल्लै यांचं सरकार होतं. पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. सरचिटणीस लोहियांनी आपल्याच मुख्यमंत्र्याचा राजीनामा मागितला. पुढच्या वर्षी लोहियांचे सहकारी मधू लिमये यांच्यावर पक्षाची कारवाई झाली, लोहियांवरही झाली, आणि 1955 सरता सरता लोहियांनी वेगळा पक्ष काढला. यात ट्रॉट्स्कीचं नाव घालायला जागाच नाही.

तरी फॉरवर्ड चालतो, कारण तो सोयीचा आहे. कट्ट्यावर अर्धे लोहियांचे, अर्धे प्रजा समाजवादी. फुटीचं खरं कारण लिहिलं तर चहा येईपर्यंत भांडण जुंपेल; ट्रॉट्स्कीवाद्यांच्या बाजूने बोलायला तिथे कोणीच बसलेलं नसतं.