गहाणाच्या पेढीवरचा कवी

आम्स्टरडॅमच्या फोंडलपार्कात मी कितीतरी दुपारी डबा खाल्लाय. तिथल्या पुतळ्याकडे मात्र नीट कधी पाहिलं नव्हतं. मग डच भाषेच्या वर्गात बाईंनी एक कविता वाचायला दिली, आणि तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही.

योस्त फान डेन फोंडल, सतराव्या शतकातला डच कवी आणि नाटककार. (आपण 'व' म्हणतो, इथले लोक तो 'फ'कडे झुकवतात.) जन्म १५८७चा, जर्मनीतल्या कोलोनमध्ये, कारण मेनोनाइट (एक प्रॉटेस्टंट पंथ) आईवडिलांना धर्मापायी अँटवर्प सोडावं लागलं होतं. पुढे घर आम्स्टरडॅमला आलं आणि वार्मूसस्ट्रात या रस्त्यावर मोज्यांचं दुकान निघालं. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेल्या या दुकानदारानं पंचविशी उलटल्यावर लॅटिन शिकायला घेतलं.

वर्गातली कविता त्याच्या सार्त्येवरची. ही लेक १६३३ साली लहानपणीच गेली. कवितेत स्वर्ग, देव वगैरे फारसं नाहीच. दोरीवरच्या उड्या आहेत, बाहुली आहे, हाडांच्या तुकड्यांनी खेळायचा 'बिकल' नावाचा खेळ आहे, अगदी आपल्या सागरगोट्यांसारखा. त्याआधी तान्हा कॉन्स्टंटाइन गेला, तेव्हा त्यानं त्या बाळाच्याच तोंडून विचारलं होतं: आई, का रडतेस? सार्त्येच्या वेळी असं समजावणारं कुणी उरलेलं नाही. दोन्ही कविता लागोपाठ वाचल्या की पोटात कालवतं.

त्याच्या नाटकांचे शासनाशी आणि चर्चशी सतत खटके उडाले. १६१९ साली ओल्डनबार्नेफेल्ट या सत्तरी ओलांडलेल्या मुत्सद्द्याचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. फोंडलनं १६२५ मध्ये ग्रीक कथेच्या आडून त्या शिरच्छेदाला न्यायाच्या नावाखालचा खून म्हटलं आणि ३०० गिल्डर (तेव्हाचं डच चलन) दंड भरला. शहराच्या नव्या नाट्यगृहासाठी त्यानं 'खाइसब्रेख्त फान आम्स्टल' लिहिलं, तर त्यात कॅथलिक वास येतो म्हणून धर्मगुरू अडले. अखेर ३ जानेवारी १६३८ला पडदा उघडला, आणि हेच नाटक शहर १९६८पर्यंत नववर्षाच्या सुमारास करत राहिलं. मध्यंतरी तो स्वतःच कॅथलिक झाला. प्रॉटेस्टंट शहरात राहून, उघडपणे.

१६५३ मध्ये चित्रकारांच्या संघानं त्याला मानाचा मुकुट घातला. पुढच्याच वर्षी 'लुसिफर' आलं. माणसाला आपल्याहून वरचं स्थान मिळणार हे कळताच देवदूत बंड करतात, अशी कथा. दोन प्रयोग झाले आणि बंदी. स्वर्गाच्या महागड्या नेपथ्याचा खर्च वाया जाऊ नये म्हणून त्यानं 'साल्मोनेउस' हे वेगळं नाटक लिहून दिलं. आपलं सर्वांत मोठं नाटक बंद पाडलं गेलेलं असताना हा माणूस थिएटरच्या खर्चाचा विचार करतो, हे मला फार मोठं वाटतं.

तेवढ्यात मुलानं दुकान बुडवलं. मुलाची सुमारे ४० हजार गिल्डरची देणी बापानं भागवली, आणि १६५८ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, शहराच्या गहाणाच्या पेढीवर कारकुनी पत्करली. वर्षाला ६५० गिल्डर. लोक पातेली आणि कपडे आणणार, हा वहीत नोंदी करणार. मुलाला ईस्ट इंडीजला धाडलं, तो वाटेतच वारला.

हे सांगताना "केवढी शोकांतिका!" असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. शहराला लाज वाटावी असं हे आहे, यात शंका नाही. पण त्याच दहा वर्षांत त्यानं 'येफ्टा', 'हद्दपार आदम', 'नोहा' ही नाटकं लिहिली. चीनच्या मिंग घराण्याच्या पाडावावर 'झुंगचिन' लिहिलं, जेमतेम पंचवीसेक वर्षं जुन्या घटनेवर. दिवसभर नोंदी करणारा म्हातारा घरी येऊन पेकिंगच्या राजवाड्यात शिरत होता! याची कीव का करायची? ऐंशीव्या वर्षी त्याला पूर्ण पगारावर निवृत्त केलं. १६७९ मध्ये तो गेला, एक्याण्णवाव्या वर्षी.

मराठीत आपल्याला शेक्सपिअर, मोलिएर, इब्सेन घरचे वाटतात. फोंडलचं नावही कानावर नसतं, आणि मला याची मनापासून खंत आहे. इंग्रजीच्या खिडकीतून जेवढं दिसलं तेवढंच आपण युरोप मानलं. वेंगुर्ल्यात डच वखार त्याच्या हयातीतच उभी राहिली होती. माल आला, कविता आली नाही.

सार्त्येची कविता मी मराठीत आणतेय. 'बिकल'ला सागरगोटेच लिहिलंय. दोरीवरच्या उड्यांची ओळ मात्र अजून लयीत बसत नाही. डच येणारं कुणी इथे असेल तर कृपया मेसेज करा, दोघं मिळून बसू.